कोटेशनच्या नावाने आलेली फाइल

'अनोळखी माणसाकडून आलेली फाइल उघडू नका.' संगणकाच्या सुरक्षेविषयी मराठीत जे काही छापले जाते त्यात हे वाक्य हमखास पहिले असते. चितेगावला पैठण रस्त्यालगत शेड घेऊन दोन लेथ आणि एक मिलिंग मशिन चालवणाऱ्या माणसाने ते मनावर घेतले, तर त्याला शेडला कुलूप लावावे लागेल. अनोळखी फाइल उघडणे हे त्याचे रोजचे काम आहे. वाळूजच्या नाहीतर चाकणच्या कुठल्यातरी कंपनीच्या परचेस खात्यातून मेल येतो: ड्रॉइंग जोडले आहे, संध्याकाळपर्यंत रेट कळवा. पाठवणाऱ्याला त्याने कधी पाहिलेले नसते. नवीन पार्टी मिळते ती अशीच. मेल बघायला दोन तास उशीर झाला तर काम शेजारच्या शेडमध्ये जाते.

बाजारातल्या सेवा केंद्रावर बसणाऱ्या मुलीचेही तसेच. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म, प्रवेशपत्राची प्रिंट, पीक विम्याची पावती यांसाठी दिवसभर लोक पेन ड्राइव्ह आणि मोबाइल घेऊन येतात. आलेला पेन ड्राइव्ह तिला आपल्या संगणकाला लावावाच लागतो. कोणाचा लावायचा आणि कोणाचा नाही, हे ठरवण्याची मुभा तिला नसते.

ही पुस्तिका या दोघांसाठी आहे, म्हणून तिची सुरुवात त्या वाक्याने केलेली नाही. ट्रोजन माणसाच्या बेफिकिरीचा फायदा घेतो, असे सगळीकडे सांगतात. मला ते पटत नाही. तो माणसाच्या कामाचा फायदा घेतो. ज्या कागदाची तुम्ही वाट पाहत असता, जो उघडणे तुमचे काम आहे, त्याच कागदाचे रूप घेऊन तो येतो. ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून त्याला नाव मिळाले, पण आपल्याकडची गोष्ट मला अधिक नेमकी वाटते. रावण सीतेच्या दाराशी राक्षस होऊन आला नव्हता. भिक्षुक होऊन आला होता. दारी आलेल्याला भिक्षा वाढणे हा धर्म, आणि तिने तो पाळला. तिला बेसावध म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच कोटेशनची फाइल उघडणाऱ्याला मूर्ख म्हणणे अन्यायाचे आहे. हे आधी मान्य केल्याशिवाय पुढचा उपाय नीट होत नाही. कारण ज्याला मूर्ख ठरण्याची भीती वाटते तो बोलत नाही, आणि ट्रोजनला हवा असतो तो नेमका हा गप्प राहण्यात गेलेला वेळ.

व्हायरस, वर्म आणि ट्रोजन हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. दुकानात जाऊन 'व्हायरस आलाय' एवढे म्हटले तरी भागते. काढताना मात्र फरक माहीत असावा लागतो. व्हायरस दुसऱ्या फाइलींना चिकटून वाढतो. वर्म नेटवर्कवरून स्वतःच एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जातो. ट्रोजनला आपणहून कुठे जाता येत नाही. कोणालातरी त्याच्यावर डबल क्लिक करावे लागते. म्हणून त्याच्या कर्त्याचे सगळे कसब वेषांतरात खर्च होते.

या वेषांतराचे फार जुने उदाहरण डिसेंबर १९८९ मधले आहे. जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने देशोदेशी पाठवल्या. एड्सविषयी माहिती देणारी फ्लॉपी, असे त्यांचे रूप होते. त्या ज्यांना गेल्या त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेली मंडळी होती. आत एड्सच्या धोक्याविषयीची प्रश्नावली खरोखरच होती आणि ती चालतही असे. पण तीच फ्लॉपी, संगणक किती वेळा सुरू झाला हे गुपचूप मोजत राही. ही मोजणी नव्वदाच्या घरात गेली की ती फोल्डर लपवी, फाइलींची नावे ओळखू येणार नाहीत अशी करून टाकी आणि पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर १८९ डॉलर पाठवायला सांगे. एड्सवर काम करणाऱ्याने एड्सची फ्लॉपी उघडली, यात त्याचे काय चुकले? आज फ्लॉपी गेली, टपाल गेले; पद्धत जशीच्या तशी राहिली आहे.

चितेगावच्या शेडमध्ये तो आज कसा येईल ते पाहू. मेलला 'परचेस ऑर्डर' नावाची फाइल जोडलेली असते. चित्र पीडीएफचे, तांबडे. नावाच्या शेवटी 'डॉट पीडीएफ' दिसते, पण त्याच्याही पुढे 'डॉट ईएक्सई' असते आणि ते दिसत नाही, कारण ओळखीच्या प्रकारांची शेपूट लपवायची ही विंडोजची मूळ सेटिंग आहे. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' अशी चौकट असते. तिथे खूण केली की खरे नाव शेवटपर्यंत दिसू लागते. या पुस्तिकेतला हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. पुढचे पान उलटण्याआधी तो करून घ्यावा. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस किंवा एलएनके असेल तर तो कागद नव्हे, चालणारा प्रोग्रॅम आहे, मग चित्र कसलेही असो.

दुसरी वाट वर्ड आणि एक्सेलच्या मॅक्रोंची. 'एनेबल कंटेंट' ही पिवळी पट्टी दाबली की आतला प्रोग्रॅम सुरू होई. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली, तेव्हा चोरांनी झिप फाइलींचा आणि डिस्क इमेजचा आसरा घेतला. झिपला पासवर्ड असतो आणि तो मेलच्या मजकुरातच दिलेला असतो. वाचणाऱ्याला वाटते, कंपनी गोपनीयता पाळते आहे. खरे कारण वेगळे: पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

'अनोळखी' हा शब्द किती फसवा आहे ते इमोटेट नावाच्या ट्रोजनने दाखवून दिले. २०१४ मध्ये तो बँकेचे तपशील चोरणारा म्हणून पुढे आला, आणि पुढे इतर टोळ्यांचे मालवेअर पोचवण्याचा ठेका घेऊ लागला. ज्या संगणकात तो शिरे तिथले जुने मेल चोरी, आणि त्याच मेलच्या साखळीत उत्तर म्हणून स्वतःला पाठवी. म्हणजे तुम्ही मागच्या महिन्यात ज्या पार्टीला बिल पाठवले, त्याच विषयाखाली, तिच्याच नावाने उत्तर येई. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच सर्व्हरवरून पाठवलेल्या आज्ञेने २५ एप्रिल २०२१ ला बाधित संगणकांतून तो काढून टाकला. पोलिसांनीच जगभरचे संगणक साफ करण्याचे असे प्रसंग फार थोडे. युक्ती मात्र इमोटेटबरोबर गेली नाही, ती आता सगळेच वापरतात.

ड्रॉइंगवर पोट असलेल्यांनी आणखी एक प्रकरण लक्षात ठेवावे. २०१२ मध्ये ईसेट कंपनीला ऑटोकॅडच्या फाइलींबरोबर फिरणारा एक प्रोग्रॅम सापडला. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये 'अकॅड' नावाची एक छोटी फाइल पडलेली असे. ऑटोकॅड सुरू होताना ती आपोआप वाचली जाई आणि उघडलेली ड्रॉइंगे मेलने चीनमधल्या पत्त्यांवर जात. पेरू देशातून अशी हजारो ड्रॉइंगे बाहेर गेली. पार्टीने अख्खे फोल्डर झिप करून पाठवले असेल, तर त्यातले ड्रॉइंग तेवढे घ्यावे आणि बाकीच्या अनोळखी फाइली उघडू नयेत. इथे हा सल्ला पाळता येण्यासारखा आहे.

मोबाइलची कथा याहून जवळची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे आमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या लग्नाला जरूर या, असा मजकूर, सोबत पत्रिका. ती पत्रिका म्हणजे एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी, फाइल होती. ती उघडली आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. मराठवाड्यात लग्नपत्रिका कोणाकडून आली हे न बघता आधी उघडली जाते; आमंत्रण नाकारणे आपल्याला जमत नाही. चोराने हे आपल्यापेक्षा बारकाईने पाहिले आहे. वाहतूक चलन, पीएम किसानचा हप्ता, वीजबिलाची थकबाकी ही त्याच फाइलीची दुसरी नावे. बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रासाठी टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केल्यापासून या पट्ट्यात नोकरभरतीची चर्चा घराघरात आहे. याच पट्ट्यातल्या व्हिडिओकॉन कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेल्यानंतर ज्या घरांत रोजगाराची चिंता शिरली, त्या घरांत 'भरतीचा अर्ज' या नावाची फाइल किती पटकन उघडली जाईल, याची मला खरी काळजी वाटते.

आता त्या वाटेकडे येतो जिच्याबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. आपल्या तालुक्यांच्या गावांत ट्रोजन येण्याचा मोठा रस्ता मेलचा नसून क्रॅकचा आहे, असे माझे मत झाले आहे. संगणक दुकानातून येतो तोच परवाना नसलेले विंडोज घेऊन, आणि ते 'ॲक्टिव्हेट' करणारा एक छोटा प्रोग्रॅम त्यात बसवलेला असतो. फ्लेक्सवाल्याला कोरलड्रॉ आणि फोटोशॉप लागते, शेडवाल्याला ऑटोकॅड, लग्नपत्रिका छापणाऱ्याला श्रीलिपीचे टाइप, किराणावाल्याला टॅली. यातले बरेच काही पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरते. क्रॅकबरोबर सूचनांची एक फाइल असते आणि तिची पहिली ओळ बहुधा हीच असते: बसवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. जगातली कोणतीही चोरी याहून सोपी नसेल. घराच्या मालकालाच कुत्रा बांधून ठेवायला सांगितले जाते, आणि तो बांधतो. काही क्रॅक एवढ्यावर थांबत नाहीत. विंडोज डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन' यादीत स्वतःचे फोल्डर घालून ठेवतात, म्हणजे नंतर अँटिव्हायरस चालू केला तरी त्या फोल्डरकडे तो बघत नाही.

परवान्याच्या किमती छोट्या धंद्याला परवडत नाहीत हे खरे आहे, आणि जो हे खरे मानत नाही त्याने इथे उपदेश करू नये. पण पर्याय आहेत. मराठी टाइपासाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेले मुक्त आणि बालू हे युनिकोड फाँट फुकट आणि रीतसर मिळतात. पत्र आणि हिशेबाच्या तक्त्यासाठी लिब्रेऑफिस, चित्रकामासाठी इंकस्केप, ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड आहेत. सवय मोडायला आठवडे लागतात, पार्टी कोरलचीच फाइल मागते, हेही मी जाणतो. निदान बँकेचे आणि जीएसटीचे काम ज्या संगणकावर होते, त्यात एकही क्रॅक असू नये. जुना, हळू संगणक असला तरी चालेल. पैशाचे काम त्यावर वेगळे ठेवावे.

डबल क्लिक झाल्यावर आत काय होते? बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही, किंवा खरोखरच एक पीडीएफ उघडते आणि माणूस निर्धास्त होतो. पहिली फाइल छोटी असते. तिचे काम एवढेच की इंटरनेटवरून खरा माल आणायचा. तो माल वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा' किंवा 'टेंप' फोल्डरमध्ये ठेवला जातो, कारण तिथे लिहायला विंडोज परवानगी विचारत नाही. मग तो आपली कायमची सोय करतो: रजिस्ट्रीतल्या 'रन' या नोंदीत नाव घालतो, नाहीतर टास्क शेड्यूलरमध्ये एखाद्या अपडेटच्या नावाने वेळापत्रक लावतो, म्हणजे संगणक दर वेळी सुरू झाला की तोही सुरू होतो. त्यानंतर तो बाहेरच्या सर्व्हरशी बोलू लागतो आणि आज्ञा घेतो. कोणी कीबोर्डवरची अक्षरे टिपतो, कोणी पडद्याचे फोटो काढतो, कोणी चोराला तुमचा माउस दुरून हलवू देतो.

सध्या फार नुकसान करणारा एक प्रकार अगदी थोडा वेळ थांबतो. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड आणि कुकी घेऊन तो निघून जातो. कुकी म्हणजे तुम्ही एकदा लॉग-इन केले आहे याचा पुरावा. तो चोराच्या हाती गेला की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. 'माझ्याकडे ओटीपी आलाच नाही, मग खाते कसे उघडले?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथे असते.

हे फक्त छोट्यांच्या नशिबी आहे असे नाही. २७ जून २०१७ ला न्हावा-शेवा बंदरातले एक टर्मिनल ठप्प झाले. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्क समूहाची कंपनी, आणि मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणेत नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम शिरला होता. तो आला कुठून? युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून. कोणी चुकीची लिंक दाबली नव्हती, कोणी क्रॅक टाकला नव्हता. हिशेबनिसाने नेमाने अपडेट घेतले होते. पुढे आत शिरल्यावर तो वर्मसारखा पसरला. मर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. मोठी कंपनी तेव्हा संगणक एकेक करून साफ करत बसली नाही, हा धडा आपल्या कामाचा आहे.

पुढच्या वर्षी पुण्यात कॉसमॉस बँकेचे प्रकरण झाले. ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. एटीएमकडून येणारी 'पैसे देऊ का?' ही विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मध्ये बसवलेले मालवेअर परस्पर 'द्या' असे उत्तर देत होते. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले. १९०६ पासून चालत आलेल्या सहकारी बँकेवर ही वेळ येते, तर काउंटरवरच्या मुलीने सगळा दोष आपल्या अंगावर घेण्याचे कारण नाही.

उपायाचाही मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. साताऱ्याकडून पुण्यात आलेले कैलास काटकर दहावीनंतर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाने, संजय काटकर यांनी, ते काढण्याची साधने लिहिली. मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसवरचे साधन हे त्यांतले सुरुवातीचे. त्यातून १९९० च्या दशकात क्विक हील उभे राहिले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे शास्त्र कळणार नाही, असे जे कोणी समजतात त्यांच्यासाठी ही हकिकत इथे दिली.

आता काढण्याविषयी. संशय आला की लोक आधी अँटिव्हायरस शोधतात. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे: आधी तार, मग पैसा, मग पासवर्ड, आणि सगळ्यात शेवटी संगणक. पहिल्याच मिनिटाला लॅनची तार काढा, वाय-फाय आणि मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. ट्रोजनला बाहेर बोलता आले नाही की त्याचे निम्मे बळ जाते. डिजिटल सहीचे टोकन यूएसबीला लावलेले असेल तर ते लगेच काढा. जीएसटीच्या दिवशी लावलेले टोकन महिनाभर तसेच राहते, हे मी अनेक कार्यालयांत पाहिले आहे.

मग दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक लगेच लावा. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतो आणि तो गोठवायचा तर तास मोजावे लागतात. ज्या मेलमधून फाइल आली तो पुसू नका. पडद्याचा फोटो काढून ठेवा. तक्रारीला हेच लागते. त्याच दुसऱ्या मोबाइलवरून पासवर्ड बदला, आणि त्यातही आधी मेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड नव्याने मागायचे झाले की ते मेलवरच येतात. पासवर्ड बदलल्यावर 'सर्व ठिकाणांहून लॉग-आउट' हे बटण दाबल्याशिवाय थांबू नका. चोरलेली कुकी त्यानेच निकामी होते. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे नवा पासवर्ड चोराला सांगणे.

एवढे झाले की संगणक. चालू विंडोजच्या आत ट्रोजन शोधताना अडचण ही, की तोही चालू असतो आणि लपू शकतो. म्हणून विंडोज सिक्युरिटीतला 'ऑफलाइन स्कॅन' आधी करावा. संगणक पुन्हा सुरू होतो, विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, पंधरा-वीस मिनिटे लागतात. ट्रोजन त्या वेळी झोपलेला असतो. त्यानंतर दुसऱ्या साधनाने पूर्ण तपासणी करावी. मायक्रोसॉफ्टचे सेफ्टी स्कॅनर फुकट आहे आणि दहा दिवसांनी शिळे होते, म्हणून दर वेळी नवे घ्यावे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून भारतीय कंपन्यांची मोफत साधने उपलब्ध केली आहेत, तीही चालतील. साधन मात्र स्वच्छ संगणकावर, मूळ ठिकाणाहूनच उतरवावे. २०१७ मध्ये सीक्लीनर या सफाईच्या प्रोग्रॅमची एक अधिकृत आवृत्तीच महिनाभर बाधित निघाली होती. मग गूगलवर 'व्हायरस रिमूव्हर फ्री' शोधून पहिल्या जाहिरातीवर मिळणाऱ्या गोष्टीचा काय भरवसा?

तपासणीत 'धोका सापडला, काढला' असे आले की बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नये. डिफेंडरची एक्सक्लूजन यादी रिकामी करा. टास्क शेड्यूलर बघा. ब्राउझरची एक्स्टेन्शने आणि प्रॉक्सीची सेटिंग बघा. मायक्रोसॉफ्टचेच 'ऑटोरन्स' नावाचे साधन आहे. संगणक सुरू होताना जे जे आपोआप चालते त्याची पूर्ण यादी ते दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की उरलेली यादी माणसाला वाचता येईल एवढी होते. सही नसलेली, ॲपडेटामधून चालणारी, अर्थ नसलेल्या नावाची नोंद दिसली की तिथे बोट ठेवावे. दुकानातल्या शिकाऊ मुलांना हे एक साधन शिकवले तरी ती दहा वर्षे उपयोगी पडतील.

आणि फॉरमॅट? चोराने दुरून संगणक हाताळल्याची शंका असेल, काढलेला ट्रोजन दोन दिवसांनी परत दिसत असेल किंवा त्या संगणकावर बँकेचे काम होत असेल, तर फॉरमॅटच करावे. आधी टॅलीचा डेटा, ड्रॉइंग, पत्रे, फोटो यांची नक्कल घ्यावी. एकही ईएक्सई बरोबर घेऊ नये. स्वच्छ संगणकावर आठ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या साधनाने विंडोज त्यावर उतरवावे, आणि बसवताना जुनी पार्टिशने पुसून टाकावीत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हेही नवे बसवताना ध्यानात घ्यावे. आपल्याकडे फॉरमॅट पाचशे रुपयांत होतो आणि त्यात पुन्हा तेच बिनपरवान्याचे विंडोज आणि तोच ॲक्टिव्हेटर बसवून मिळतो. रोग काढल्याचे पैसे घेऊन रोग परत दिल्यासारखे ते आहे. दुकानदारांनी मला माफ करावे, पण हे लिहिल्याशिवाय ही पुस्तिका प्रामाणिक राहिली नसती. त्यांतल्या अनेकांना पर्याय कोणी शिकवलेलाच नाही, म्हणून शेवटची दोन प्रकरणे खास त्यांच्यासाठी आहेत.

मोबाइलचे वेगळे प्रकरण केले आहे. थोडक्यात एवढेच: एअरप्लेन मोड लावा, सेफ मोडमध्ये फोन सुरू करा, 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' या दोन परवानग्या त्या ॲपकडून काढून घ्या, मग ॲप काढा. परवानग्या काढण्याआधी काढायला गेलात तर ते निघत नाही.

मालकांना एक विनंती. ऑपरेटर मुलगी फाइल उघडल्याचे सांगायला आली की पहिला प्रश्न 'कशाला उघडलीस?' हा नसावा, 'किती वाजता?' हा असावा. तो एक प्रश्न बदलला तर ती पाच मिनिटांत सांगायला येते, नाहीतर पाच दिवस लपवते. पगारातून कापण्याची धमकी दिलेल्या कार्यालयात ट्रोजन सगळ्यात निवांत राहतो.

ही पुस्तिका मुद्दाम कागदावर छापली आहे. ज्या संगणकावर संशय आहे त्यावरच उपाय वाचत बसण्याची वेळ येऊ नये म्हणून. पहिल्या तासाची कामे मधल्या जोडपानावर मोठ्या अक्षरांत दिली आहेत आणि खाली बँकेचा, हिशेबनिसाचा आणि दुरुस्तीवाल्याचा फोन लिहायला जागा सोडली आहे. ते पान आजच भरावे, काढून घ्यावे आणि संगणकामागच्या भिंतीवर चिकटवावे.